काजूच्या बीचे नाक

मित्रांनो, जरा जवळ या आणि माझ्याकडे नीट बघा. मी एक जुना टेडी आहे. अंगावरचे केस झडलेले, एक कान किंचित खाली आलेला, पोट दाबले तर आत कापसाच्या गाठी लागतात. माझ्या जातीचे इतर जण आपली गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगतात, कोणाच्या वाढदिवसाला आलो, कोणाच्या उशाशी झोपलो वगैरे. माझ्याकडे तसला तोरा नाही. माझ्यामुळे एका लहान मुलीला इजा झाली आणि एका चांगल्या बाईचे घर उठले. ते सांगताना मला अजूनही मान खाली घालावीशी वाटते. पण मान घट्ट शिवलेली असल्यामुळे तेवढेही मला जमत नाही.

माझा जन्म डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से गावचा. साल १९८७. मला शिवले सुशीलाने. ती मूळची निपाणीची. तिचा नवरा विनायक खाणीच्या ट्रकांच्या गॅरेजात मिस्त्री होता, म्हणून दोघे इकडे आली आणि देवकीच्या घरातली एक खोली भाड्याने घेऊन राहिली. देवकी आणि तिचा नवरा शिवदास यांची थोडी भातशेती होती आणि घरामागच्या डोंगरावर काजूची झाडे होती. त्यांची एकुलती मुलगी दिपाली तेव्हा दीड वर्षांची होती.

सुशीलालाही एक मुलगी झाली होती. ती अकरा दिवस राहिली. त्यानंतर सुशीलाच्या हातांना काही सुचेना. निपाणीत असताना ती विड्या वळायची, त्यामुळे बोटे सतत चालायची सवय. इथे विड्या नव्हत्या आणि पाळणाही नव्हता. नुसते बसले की रडू यायचे. हे मला कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. शिवताना ती आमच्याशी बोलायची. माणसांशी बोलायची नाही एवढे आमच्याशी बोलायची.

अस्वले शिवण्याचा नाद तिला एका ट्रकमुळे लागला. एका ड्रायव्हरने काचेपुढे टांगलेले अस्वल मळले होते, ते विनायकने धुवायला घरी आणले. सुशीलाने ते धुतले, वाळवले आणि हळूच त्याची शिवण उसवली. आत काय आहे, कुठला तुकडा कुठे जोडलाय, हे सगळे तिने बघून घेतले, वर्तमानपत्रावर ठेवून एकेका तुकड्याचा आकार कापला आणि अस्वल होते तसे शिवून परत पाठवले. ड्रायव्हरला पत्ताही लागला नाही. पुढे डिचोलीतल्या सीटकव्हरवाल्याकडे उरलेल्या केसाळ कापडाचे तुकडे विनायक तिला आणून देऊ लागला. पोटात भरायला घरामागच्या सावरीचा कापूस होता. डोळ्यांना शर्टाची बटणे. नाक मात्र ती काळ्या लोकरीने भरायची, आणि विडीचे तोंड अंगठ्याने दुमडावे तसा प्रत्येक कान दुमडून बसवायची. एक अस्वल पुरे झाले की ते ती कोणाच्या तरी मुलाला देऊन टाकायची आणि दुसरे हातात घ्यायची. तेवढा वेळ तिला बरे वाटायचे.

गोव्याची राजभाषा कोणती या वादात त्या वर्षी गावोगावच्या भिंतींवर घोषणा रंगवलेल्या होत्या. कुठे मराठी, कुठे कोकणी. बसमध्ये, दुकानात, लग्नातसुद्धा लोक त्यावरून हमरीतुमरीवर येत. आणि सुशीलाची मराठी होती निपाणीची. तिचे ‘हुतं’ आणि ‘न्हाई’ ऐकले की मराठीवाले हसत आणि कोकणीवालेही हसत. तेवढ्या एका बाबतीत दोघांचे एकमत होते. म्हणून सुशीला कोणाला काही विचारायलाच जायची नाही. आपण तोंड उघडले की लोक हसतात, असे तिच्या मनाने घेतले होते.

माझी वेळ आली ती एप्रिलमध्ये. मी खास दिपालीसाठी बनत होतो. देवकी शेतात किंवा बागेत गेली की दिपाली सुशीलाकडे असायची. तिला मांडीवर घेताना सुशीला आधी जरा घाबरायची, मग हळूहळू घाबरेनाशी झाली. म्हणून माझ्यासाठी तिने सगळ्यात चांगले, चॉकलेटी रंगाचे कापड राखून ठेवले होते. सगळे शिवून झाले आणि काळी लोकर संपली. डिचोलीचा बाजार बुधवारी, त्याला अजून पाच दिवस होते. बाहेर अंगणात देवकीने काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या. राखी, गुळगुळीत, एका बाजूने जरा आत वळलेल्या. सुशीलाने त्यातली एक उचलून माझ्या तोंडाशी धरून पाहिली आणि तिला हसू आले.

“वैनी, एक बी घिऊ का?” तिने विचारले.

“घे गो बाये. एक कित्याक, मूठभर घे,” देवकी म्हणाली.

मित्रांनो, काजूच्या बीच्या कवचात तेल असते. ते अंगाला लागले की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. तिकडे त्याला ‘उतते’ म्हणतात. तिथली मुले काजूच्या बियांनी खेळतच मोठी होतात. पण फोडलेल्या किंवा टोचलेल्या कच्च्या बीला कोणी तोंड लावत नाही. हे तिकडे कोणी कोणाला शिकवत नाही, इतके ते सगळ्यांना ठाऊक असते. निपाणीला तंबाखू पिकतो. तिथल्या बाईला हे कुठून ठाऊक असणार?

सुशीलाने दाभण तापवून बीला दोन भोके पाडली. आतून काळे, चिकट काहीतरी आले. तिने ते फडक्याने पुसले आणि दोरा ओवून बी माझ्या तोंडावर पक्की बसवली. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन बोटांची टोके काळी पडली आणि तिसऱ्या दिवशी त्यांची सालपटे निघू लागली. विड्या वळून तिची बोटे आधीच राठ झालेली होती, तिने फारसे मनावर घेतले नाही. मी मात्र ते पाहिले. माझ्या नाकाच्या भोकांतून काहीतरी झिरपते आहे, हेही मला कळत होते.

आता माझ्या लाजेची पहिली गोष्ट सांगतो. मला ते नाक फार आवडले होते. इतर अस्वलांची लोकरीची नाके म्हणजे नुसते काळे ठिपके. माझे नाक चकचकीत, ऐटदार. देवकीने मला हातात घेतले, नाकावर बोट टेकवले आणि ती पोट धरून हसली. “अगो, हो तर बाबुराव!” ती म्हणाली. तेव्हापासून मी बाबुराव झालो. वाड्यावरचा, म्हणजे आमच्या वस्तीतला, जो येई तो माझ्या नाकाची तारीफ करी, आणि मी आतल्या आत फुगून जात होतो. झिरपणाऱ्या तेलाचा विचार मी मनातून काढून टाकला.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. देवकीने सुशीलाची काळी बोटे पाहिली होती. ती कशाने काळी झाली हे तिला तत्काळ कळले. ‘सांगायला हवे’ असे तिच्या तोंडावर आलेही, पण तेवढ्यात शिवदासने बाहेरून हाक मारली आणि ती गेली. संध्याकाळी ती दिपालीला कडेवर घेऊन विहिरीवर गेली. दिपालीच्या काखेत मी होतो. तिथे देवकीने बायकांना ती गंमत सांगितली. घाटावरच्या बाईने कच्च्या बीचे नाक केले, बोटे भाजून घेतली आणि तिला अजून कळलेसुद्धा नाही. बायका कळशा खाली ठेवून हसल्या. मग रोज कोणी ना कोणी माझे नाक बघून हसे. बी वरून वाळलेली दिसे, म्हणून मी दिपालीच्या हातात असण्यात कोणाला धोका वाटला नाही. सगळ्या वाड्याला ठाऊक होते. एका सुशीलालाच कोणी सांगितले नाही. खरे सांगतो, त्या हसण्यात मनात मीही हसलो. जिने मला घडवले तिच्यावरच हसलो.

मेच्या अखेरीस गोवा घटक राज्य झाले. त्या दिवशी कोणीतरी वाड्यावर पेढे वाटले. दुपारी देवकी पेढे घ्यायला दारात गेली. दिपाली चटईवर माझ्याशी खेळत होती. तिच्या दाढा येत होत्या, हाती येईल ते ती चावायची. तिने माझे नाक तोंडात घेतले आणि जोर लावून चावले.

बी फुटली नाही. पण दोन्ही भोकांतून तेल आले. आधी ती थबकली. मग अशी किंचाळली की शेजारची माणसे धावत आली. तिचा खालचा ओठ सुजून फुगला, तोंडात फोड आले. शिवदासने तिला उचलले, रस्त्यावरचा ट्रक थांबवला आणि डिचोलीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, पोटात गेले नाही हे नशीब. बारा दिवस ती नीट जेवली नाही, पाणी पितानाही रडायची. ओठावर एक पांढरट डाग राहिला.

पण त्या दिवशी दवाखान्यात जायच्या आधी अंगणात जे घडले, ते मी विसरू शकत नाही. सुशीला धावत आली आणि दिपालीला घ्यायला तिने हात पुढे केले. देवकीने ते हात झटकले आणि सगळ्यांसमोर ओरडली, “तुझा पोर तुका राखूक जमला नाय, आता माझ्या पोराक मारूक आयलंस?”

ज्या बायका विहिरीवर हसल्या होत्या, त्या तिथेच उभ्या होत्या. त्यांतली एकही म्हणाली नाही, की अगो, ही गोष्ट आपल्याला ठाऊक होती. सुशीलाने कोणाकडे पाहिले नाही. आपल्या काळ्या बोटांकडे तिने पाहिले, आणि तिला तेव्हा सगळे कळले. तरी ती एवढेच म्हणाली, “माझं चुकलं वैनी.” मी दाराशी पडलो होतो. त्या क्षणी मला वाटले, कोणीतरी मला चुलीत टाकावे.

आठवड्याभरात सुशीला आणि विनायक खोली सोडून गेली. पेडणे तालुक्यात, इब्रामपूरकडे विनायकला कालव्याच्या कामावर यंत्रे दुरुस्त करायचे काम मिळाले. जाताना तिने कापडाचे तुकडे, कापूस, वर्तमानपत्राचे कापलेले आकार, सगळे एका पिशवीत भरून व्हरांड्यात ठेवले आणि पिशवीकडे वळूनही पाहिले नाही. शिवदासने पक्कडीने माझे नाक ओढून काढले आणि मला माळ्यावर रिकाम्या टोपल्यांत फेकले. नाकाच्या जागी भोक राहिले आणि त्यातून कापूस बाहेर आला.

तीन वर्षे मी माळ्यावर होतो. काजूचा हंगाम आला की टोपल्या काढायला देवकी वर यायची. मी दिसलो की तिचा हात क्षणभर थांबायचा. मग ती टोपली उचलून खाली जायची. मला टाकून द्यायला तिला किती वेळ लागला असता? पण तिने टाकले नाही आणि खालीही आणले नाही.

तिसऱ्या हंगामात टोपलीबरोबर मीही खाली आलो, चुकून. दिपाली साडेचार वर्षांची झाली होती. तिने मला उचलले, नाकाच्या भोकात बोट घालून पाहिले आणि मला घेऊन अंगणात गेली. अंगणात बिया वाळत होत्या. त्या वर्षी बेळगावकडचे एक कुटुंब बाजूच्या घराच्या बांधकामाला आले होते. त्यांची राणी नावाची मुलगी दिपालीच्याच वयाची. राणीने एक बी उचलली, दगडावर ठेवून ठेचली आणि तोंडाकडे नेली.

दिपालीने तिचा हात धरला. “तोंडात घालू नाका गो! उतता ती. माझी आई भाजून दितली, मगे खा.”

बस, एवढेच. दोघी पुन्हा खेळू लागल्या. देवकी उंबऱ्यावर बसून सुपात तांदूळ पाखडत होती. तिचे हात थांबले. साडेचार वर्षांच्या पोरीला जे सांगायला क्षण लागला नाही, ते आपण सांगितले नाही. उलट त्यावर पाणी भरता भरता हसलो. हे तिने मनात म्हटले असेल की नाही, मला ठाऊक नाही. पण तिने सूप बाजूला ठेवले, तोंडावर पदर घेतला आणि ती रडली. दिपाली घाबरून जवळ आली तेव्हा तिने तिच्या ओठावरच्या डागावरून अंगठा फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवकीने मला पिशवीत घातले आणि दिपालीला घेऊन ती निघाली. दोन बस बदलल्या. शेवटच्या वाटेला बस नव्हती, तेव्हा भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्या पायलटच्या मागे दोघी बसल्या. पिशवीतून मला रस्त्यावरची लाल धूळ तेवढी दिसत होती. सुशीलासमोर जायची मला धास्ती वाटत होती.

इब्रामपूरला कालव्याच्या कामगारांच्या खोल्या होत्या. सुशीला दारात तांदूळ निवडत बसली होती. ती वाळली होती. देवकीला पाहून ती उठली आणि मागे सरली, पुन्हा कोणी काही बोलेल या भीतीने. देवकी उंबऱ्याबाहेरच थांबली.

“सुशीला, बी मियाच दिली,” ती म्हणाली. “तुझी बोटां काळी झाली ती मिया बघलेली. माका ठावक होता गो. तुका सांगूक नाय. बांयर जावन बायकांक सांगलां, आनी हसलंय. मगे तुका तसां बोललंय. तुझ्या पोराचां नाव काढलां. माझी जीभ झडूक जाय होती.”

दिपालीच्या ओठावरचा डाग सुशीलाला दिसला होता, तिचे डोळे तिथून हलत नव्हते. मग ती म्हणाली, “हसत हुता ते कळायचं वैनी. मला वाटायचं, माझ्या बोलण्याला हसत्यात.”

देवकीला हुंदका आवरला नाही. तिने मला पिशवीतून काढून पुढे केले. “हेका नाक लाव. पोर मागता.”

सुशीलाने हात मागे घेतले. “न्हाई वैनी. त्या दिवसापास्नं सुई धरली न्हाई. माझ्या हातचं लेकराला नकोच.” ती हे रागाने म्हणाली नाही. तिला ते अगदी खरे वाटत होते. माझ्या चकचकीत नाकापायी तिने आपला एकुलता दिलासा सोडला होता.

देवकी वळली. शेजारच्या खोलीतून तिने सुई आणि काळी लोकर मागून आणली, मला मांडीवर घेतले आणि स्वतःच शिवायला बसली. मित्रांनो, देवकीचा हात विळ्याचा. सुईत लोकर ओवायलाच तिला चार वेळा लागले. पहिला टाका माझ्या गालावर पडला. दुसरा डोळ्याजवळ गेला. तिसरा टाका तिने असा ओढला की माझे तोंड वाकडे होऊन कानाला टेकले. दिपाली खुदकन हसली. देवकीने घाम पुसला आणि चौथा टाका घालायला सुई नेमकी माझ्या डोळ्याच्या बटणात खुपसली.

“अवो, असं न्हवं!” सुशीला ओरडली. “कापड फाटंल की! आणा इकडं.” आणि तिने मला देवकीच्या मांडीवरून हिसकावून घेतले.

सुई तिच्या हातात कधी गेली ते तिलाही कळले नाही. तिने देवकीचे टाके भराभर उसवले, भोकातला कापूस आत ढकलला आणि लोकर दुहेरी केली. पहिले टाके तिने मोजून मोजून घातले. सहाव्या-सातव्या टाक्याला तिची बोटे आपोआप चालू लागली. देवकी समोर बसून गपचूप बघत होती आणि दिपाली सुशीलाच्या गुडघ्याला टेकून उभी होती. दोरा तोडायच्या आधी सुशीलाने माझे नवे नाक स्वतःच्या ओठांत धरून पाहिले. बराच वेळ धरून पाहिले. मगच तिने मला दिपालीच्या हातात दिले.

आज मी पेडण्याला दिपालीच्या संसारात कपाटावर बसलेला असतो. सुशीलाने त्यानंतर पुष्कळ अस्वले शिवली. देवकी तिला सावरीचा कापूस पाठवत राहिली. दोघींचे पुन्हा जमले, पण अंगणातले ते वाक्य दोघींपैकी कोणी विसरले असेल असे मला वाटत नाही. दिपालीच्या ओठावरचा डाग पुसट झाला, गेला नाही. मीही माझी लाज पुसून टाकायच्या भानगडीत पडत नाही. ती राहिलेली बरी.

तुम्हाला एवढेच सांगतो. तुमच्या गावात, तुमच्या वर्गात कोणी नवीन येईल. त्याचे बोलणे तुम्हाला विचित्र वाटेल. त्याला तुमच्याकडची निसरडी पायरी ठाऊक नसेल, चावरा कुत्रा ठाऊक नसेल. ‘हे तर सगळ्यांना ठाऊक असते’ असे म्हणून त्याची गंमत बघत उभे राहू नका. मी कापडाचा होतो, मला सांगता आले नाही. तुम्हाला सांगता येते.